घरून बांधून नेलेला विनोद

पत्र

मावशी, सप्रेम नमस्कार.

मी प्रतापनगरात राहते, विम्याच्या ऑफिसात नोकरी करते आणि हौस म्हणून प्रवासावर लिहिते. जुलैत आम्ही चौघी मैत्रिणी चिखलदऱ्याला गेलो होतो. दोन दिवस नुसतं धुकं आणि पाऊस. परत आल्यावर त्यावर एक गमतीचा लेख लिहिला, तो इथल्या एका रविवारच्या पुरवणीत छापून आला. आधी कौतुकाचे फोन आले, मग पत्रं सुरू झाली. परतवाड्याच्या एका निवृत्त शिक्षकांनी तिथल्या गाविलगड किल्ल्याबद्दलची चूक दाखवली. आम्ही उतरलो होतो त्या हॉटेलच्या मालकांनी ‘ऐन सीझनमध्ये आमच्या पोटावर पाय दिला’ म्हणून फोन केला. (मी हॉटेलचं नाव लिहिलंही नव्हतं!) माझ्या मावससासूबाई अचलपूरच्या, त्यांनी अबोला धरलाय. आणि धारणीकडच्या एका तरुणाचं पोस्टकार्ड आलं. मी लिहिलं होतं, ‘कणीस विकणाऱ्या कोरकू बाईला ना धड मराठी येत होती ना हिंदी, सुट्टे पैसे मात्र बरोबर मोजता येत होते.’ त्यावर त्यानं एवढंच लिहिलंय: ‘तिला मराठी थोडी येते, हिंदी थोडी येते, कोरकू पूर्ण येते. तुम्हाला कोरकू किती येते?’

लोकांना विनोद का सोसत नाही, मावशी? माफी मागितली तर लेखाचा जीव जातो, नाही मागितली तर ते पोस्टकार्ड डोळ्यांपुढून हलत नाही. संपादक म्हणतात, पुढचा लेख पुण्यावर द्या, असाच झणझणीत. काय करू? कात्रण सोबत जोडलं आहे.

— चिखलात पाय अडकलेली, नागपूर

उत्तर

मावशी म्हणालीस, म्हणून ‘तू’च म्हणते.

कात्रण जोडलंस हे बरं केलंस. लोक नुसती तक्रार पाठवतात आणि मूळ लेख दडवतात, मग मी काय अंगठ्यावरून सांगू? तुझा लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा जेवताना, आणि धुक्याच्या परिच्छेदाला घास अडकला. देवी पॉइंट, पंचबोल पॉइंट, हरिकेन पॉइंट. तिन्ही ठिकाणी गाडीतून उतरायचं, तिन्ही ठिकाणी तोच पांढरा कागद, आणि तिसऱ्या ठिकाणी तुझी मैत्रीण ‘हा जास्त पांढरा आहे गं’ म्हणून फोटो काढते! एकटीच हसत बसले. दुसऱ्यांदा वाचला तो पेन्सिल हातात घेऊन. तीस वर्षं पुरवणीच्या टेबलावर उपसंपादकी केली बाप्पा, हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

आधी किरकोळ गोष्टी उरकून घेऊ.

हॉटेलमालकांचं मनावर घेऊ नकोस. विदर्भात कॉफी पिकते ती चिखलदऱ्यात, तिथं बसून तुम्हाला पुडी फोडून केलेली कॉफी मिळाली, आणि बिलात मात्र ‘स्थानिक’ असा शब्द होता. बिल जपून ठेवलंयस ना? मग झालं. पाहिलंस, प्यायलीस, पैसे मोजलेस, लिहिलंस. ज्यानं पुडी फोडली त्यानं लेखाला दोष देऊ नये. मत कडू होतं म्हणून माफी मागायची पद्धत एकदा पडली, तर प्रवासावर फक्त हॉटेलवाल्यांच्या पुतण्यांनी लिहावं लागेल.

मावससासूबाईंचं उत्तर माझ्याकडे नाही, त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. रविवारी जा, पाटोडीचा रस्सा मागून खा, दुसऱ्यांदा वाढून घे. त्यांचा राग चिखलदऱ्यासाठी नाहीच. अचलपूरवरून तू दोनदा गेलीस, जाताना आणि येताना, आणि त्यांच्याकडे उतरली नाहीस. लेखात ‘परतवाड्याला चहा घेतला’ असं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंयस. परतवाडा आणि अचलपूर म्हणजे एकमेकांना चिकटलेली गावं. तो चहा कुणाकडे घेतला, एवढंच त्या विचारून राहिल्या आहेत.

शिक्षकांचं पत्र मात्र वेगळ्या फाइलीत ठेव. तू गाविलगड नागपूरकर भोसल्यांनी बांधला असं लिहिलंस. भोसल्यांकडे तो होता, पण खूप नंतर. बहामनी सुलतान अहमदशहा वलीनं 1425 च्या सुमारास तो बांधला असं इतिहास सांगतो. भोसल्यांच्या हातून तो गेला 15 डिसेंबर 1803 ला, आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हल्ला करून घेतला तेव्हा. हाच पुढं वेलिंग्टनचा ड्यूक झाला आणि 1815 मध्ये वॉटर्लूला नेपोलियनसमोर उभा राहिला. आता बघ, तुझ्या लेखात काय लिहिलंय? ‘किल्ला धुक्यात होता, त्यामुळे पाहिला असं समजून पुढं निघालो.’ वाक्य छान आहे. पण वॉटर्लूच्या आधी बारा वर्षं जो माणूस या किल्ल्यावर तोफा चढवत होता, त्याची गंमत तुझ्या धुक्यात हरवली. त्या सरांना पोस्टकार्ड टाक: ‘चूक कबूल, दुरुस्ती छापायला दिली आहे.’ आणि खरंच दे. विनोदी लेखात माहिती चुकली तर चालते, हा समज आमच्याच धंद्यानं पसरवलाय. उलट आहे. गंभीर लेखात चूक झाली तर लोक म्हणतात, नजरचुकीनं झालं असेल. विनोदी लेखात झाली की म्हणतात, हिनं सगळंच घरी बसून लिहिलंय. आणि एकदा तसं वाटलं की धुकंसुद्धा खोटं वाटायला लागतं.

आता कणीस.

तुझं ते वाक्य वाचल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली, कारण ते वाक्य माझ्या ओळखीचं होतं. तुझ्या जन्माआधीपासून ओळखते मी त्याला. काश्मीरहून आलेल्या लेखात ते शालवाल्याला चिकटलेलं असायचं: ‘हिंदी मोडकीतोडकी, हिशोब मात्र पक्का.’ बँकॉकला जाऊन आलेल्या एका डॉक्टरांच्या लेखात ते फळवालीला होतं. थंडीत आपल्याकडे तिबेटी लोक स्वेटरची दुकानं लावून बसतात ना, त्यांच्यावर तर दर डिसेंबरात कुणी ना कुणी ते पाठवायचंच. माणूस बदलतो, माल बदलतो, वाक्य तेच. मी किती वेळा कापलं असेल, आणि आळसानं किती वेळा जाऊ दिलं असेल, आता सांगता यायचं नाही.

म्हणून माझा तुला एकच प्रश्न आहे: हे वाक्य लिहायला चिखलदऱ्याला जायची गरज होती का?

‘हा जास्त पांढरा आहे गं’, याला जावं लागतं. प्रतापनगरात बसून ते सुचत नाही. पुडीच्या कॉफीला जावं लागतं. कणसाच्या वाक्याला नाही. ते तू घरूनच बांधून नेलं होतंस, पोळी-भाजीच्या डब्यासारखं, आणि घाट चढल्यावर जी पहिली बाई दिसली तिच्यासमोर उघडलंस. वाचकाला हा वास येतो. तो नेमका कशाचा हे प्रत्येकाला सांगता येत नाही, म्हणून कुणी ‘भावना दुखावल्या’ म्हणतं, कुणी ‘पातळी घसरली’ म्हणतं. धारणीच्या त्या पोरानं मात्र डबा उघडून दाखवला.

आणि तो जे म्हणतो ते किती मोठं आहे बघ. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. तिच्या नात्यातल्या मुंडारी आणि संथाळी तिकडे झारखंडात. ही एकटी सातपुड्याच्या कडेकडेनं मेळघाटात येऊन राहिली, त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेची. आजूबाजूला सगळे परके, मराठी काय आणि हिंदी काय. ‘कोरो’ म्हणजे माणूस, आणि ‘कोरकू’ म्हणजे माणसं. हे कळायला एका दुपारचं वाचन पुरतं. न कळताही लेख लिहिता येतो, पण मग त्या बाईच्या भाषेवर बोलायचं नाही. तीन भाषांमध्ये व्यवहार करणाऱ्या बाईवर दीड भाषेत व्यवहार करणारी आपण बाई हसलो, असं ते गणित आहे. दीड म्हणते, कारण तुझ्या लेखात इंग्रजीच्या दोन चुका मला सापडल्या. जाऊ दे.

पण तुझ्यावर मी चिडले ते याच्यासाठी नाही. त्याच परिच्छेदात, खाली, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा जागी तू एक ओळ लिहून ठेवली आहेस: ‘फाटकी छत्री तिनं शेगडीवर धरली होती आणि स्वतः भिजत होती. धुकं कधी जाईल, असं आम्ही विचारलं तर ती नुसती हसली.’

अगं, हे काय आहे? चार नागपूरकर बाया, नवे कोरे रेनकोट, सव्वादोनशे किलोमीटर तुडवून आलेल्या, आणि जुलै महिन्यात मेळघाटातल्या बाईला विचारतात धुकं कधी जाईल! ती हसणार नाही तर काय करेल? त्या दिवशी त्या घाटावर विनोद झाला होता. तो तिनं केला होता, एक शब्द न बोलता, आणि तो तुझ्या डोळ्यांसमोर होता. तू तो टिपलास आणि पुरून टाकलास, वर ते बँकॉकचं जुनं वाक्य ठेवून दिलंस. छत्री कणसाला, पाऊस बाईला, रेनकोट गिऱ्हाइकाला. अजून काय हवं होतं तुला?

तुला उपदेश करायचा मला किती हक्क आहे ते सांगते, म्हणजे फिटंफाट होईल. नव्वदच्या दशकात मी मावसबहिणीच्या लग्नाला पुण्याला गेले होते. परत आल्यावर पुण्यावर लेख. दुपारी दोनला सदाशिव पेठेत एका भांड्यांच्या दुकानावर गेले, दार बंद, आतून मालक खेकसले, वगैरे सगळं आलं. आमचे संपादक तांबड्या पेन्सिलीवाले. त्यांनी समासात लिहून पाठवलं: ‘पाहिलं की ऐकलं?’ मी उलट लिहिलं: ‘पाहिलं.’

खोटं होतं. दुकान उघडं होतं. मालकांनी मला स्टुलावर बसवलं, माठातलं पाणी दिलं आणि विचारलं, ‘नागपूरच्या ना तुम्ही? मग आमच्या उन्हाला ऊन म्हणणार नाही तुम्ही.’ मला हवा होता तो पातेल्याचा घाट त्यांच्याकडे नव्हता, तर समोरच्या दुकानात स्वतः येऊन दाखवलं. हे सगळं मी गाळलं, कारण विनोदाला बंद दार हवं होतं. लेख गाजला. ढीगभर पत्रं आली, आणि झाडून सगळ्यांत एकच गोष्ट: ‘अगदी आमच्याही बाबतीत असंच झालं.’ तेव्हा मी फुशारले. आता वाटतं, अर्ध्यांचं तरी दुकान उघडंच असेल.

म्हणून तुझ्या कौतुकाच्या फोनांकडे जरा नीट बघ. चिडलेल्यांची तू यादी केलीस, खूश झालेल्यांची नाही केलीस. ते कुठल्या वाक्यावर हसले? ‘हा जास्त पांढरा’वर हसले असतील तर तुझी कमाई. पण कुणी म्हणालं असेल की ‘बरं झालं लिहिलंस, तिकडची माणसं अशीच’, तर त्या माणसाला तुझ्या लेखाची गरजच नव्हती. तो आधीच जाऊन आला होता, न जाता.

आपल्यावर लोक लिहितात तेव्हा आपल्याला हे लगेच कळतं. 1953 च्या नागपूर करारामुळे इथं हिवाळी अधिवेशनाची परंपरा, तेव्हा दर डिसेंबरात मुंबई-पुण्याची लिहिणारी मंडळी इथं येतात. एकानं ‘नागपूरच्या रणरणत्या उन्हात’ अशी सुरुवात केलेली मी या डोळ्यांनी वाचलीय. डिसेंबरात! आम्ही रात्री दोन-दोन रजया ओढून राहिलो आणि हा घामाघूम. बॅगेत ऊन घालून आणलं होतं त्यानं. मग संत्रा बर्फी, मग सावजीचा रस्सा खाऊन कानातून धूर, मग ‘काय बे’. आम्हाला राग नाही येत, कंटाळा येतो. उलट एकदा एका पाहुण्यानं लिहिलं होतं की गोकुळपेठेच्या बाजारात बाई म्हणाली ‘सांभार घ्या ना भाऊ’, तर तो पातेलं शोधायला लागला आणि तिनं हातात कोथिंबिरीची जुडी ठेवली. त्यावर आमचं अख्खं ऑफिस हसलं. गंमत आमचीच होती, पण ती त्याच्यावर बेतली होती, आणि बेतायला त्याला बाजारात उभं राहावं लागलं होतं.

आणि नागपूरकरांना टोकदार विनोद सोसत नाही, असं तर मला सांगूच नकोस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीत उभी राहिलीयस का कधी? काळी मारबत, पिवळी मारबत आणि त्यांच्यामागं बडगे, सगळे पुतळेच. शंभर वर्षांहून जास्त काळ हे शहर वर्षातून एक दिवस भर रस्त्यात ज्याला वाटेल त्याला नावं ठेवतं. महागाईचा बडगा, खड्ड्यांचा बडगा, नेत्यांचे बडगे, गळ्यात पाट्या, आणि ‘घेऊन जा गे मारबत!’ करत गावाबाहेर नेऊन जाळायचे. मी लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून पाहिलंय, आता गॅलरीतून पाहते. पाट्यांची भाषा तुझ्या लेखापेक्षा दसपट जहाल असते आणि कुणाचं पोस्टकार्ड येत नाही. का? तो बडगा त्या मोहल्ल्याच्या उरावर बसलेला असतो म्हणून. ज्या खड्ड्यात स्वतः पडले त्याचाच बडगा. कणीस विकणाऱ्या बाईचा बडगा मी तरी आजवर पाहिला नाही. तुझ्या पुडीच्या कॉफीचा मात्र झकास होईल.

आता माफी. मागायची, पण सगळ्यांची नाही आणि सगळ्यासाठी नाही. पुरवणीत ती चौकट छापून आणू नकोस, ‘कुणाच्या भावना दुखावल्या गेल्या असल्यास लेखिका दिलगीर आहे’. मी असल्या चौकटी शेकड्यांनी लावल्या आहेत. त्यातला ‘असल्यास’ हा शब्द म्हणजे उघडलेल्या दाराला आतून लावलेली साखळी. दुखावल्या गेल्या आहेत, त्याचं पोस्टकार्ड तुझ्या टेबलावर पडलंय, मग असल्यास काय? त्या मुलाला पत्र लिही. विनोद होता, हेतू तसा नव्हता, माझी कामवाली पण आदिवासी आहे, यातलं काहीही लिहू नकोस. लिही की ते वाक्य मी पाहून लिहिलं नव्हतं. तेवढं पुरे. ‘मला कोरकू येत नाही’ हेही लिही, त्यानं विचारलंच आहे, तर उत्तर द्यायला हवं. तो परत लिहील की नाही ते त्याच्यावर सोड.

पुढं हा लेख पुस्तकात वगैरे घेशील तेव्हा ते वाक्य काढ आणि छत्रीची ओळ वर आण. धुकं, कॉफी, ‘पाहिला असं समजून’, सगळं तसंच ठेव. जीव जाणार नाही लेखाचा. त्यात जीव कुठं आहे ते मी पेन्सिलीनं खूण करून कात्रण परत पाठवतेय.

लेखाच्या मथळ्याचं काय ते विचारलं नाहीस, पण सांगते. ‘चिखलदरा? नको रे बाबा!’ हा मथळा तुझा नसणार. तू दोन दिवस मजेत होतीस, लेखभर ते दिसतं. मथळे आमच्यासारखे लोक रात्री साडेअकराला लावतात, चहा संपलेला असताना. अर्धा राग त्या मथळ्याचा आहे. पुढच्या वेळी लेखासोबत स्वतःचा मथळा पाठव आणि संपादकांना बजाव. ऐकणार नाहीत, तरी बजाव.

पुण्याचा लेख घे की. नाही कशाला म्हणतेस? फक्त गाडीत बसण्याआधी एक कागद घे आणि पुण्यावर तुला जेवढे विनोद येतात तेवढे लिहून काढ. दुपारची झोप, पाट्या, पत्ता विचारला तर काय होतं, चहा विचारतात की नाही. चांगला दोन्ही बाजूंनी भरेल. तो कागद प्रतापनगरातच ठेवून जा. परत आल्यावर लेख लिही आणि मग कागद काढून ताडून बघ. जे दोन्हीकडे असेल त्याच्यापाशी थांब आणि स्वतःला तांबड्या पेन्सिलीनं विचार. खरंच दिसलं असेल तर बिनधास्त ठेव. कधी कधी दार खरंच बंद असतं.

आणि हो. सुट्ट्या पैशांवर एवढं लिहिलंस, पण कणीस कितीला होतं ते अख्ख्या लेखात नाही. चौघींचे मिळून किती झाले, नोट कितीची दिलीस आणि परत काय आलं, ते आठवत असेल तर मला कळव.

— मावशी